कंपाइल आणि कॅशे यांची गल्लत: बाजारभावाच्या एका साइटचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर, उदगीर, अहमदपूर, नांदेड, परभणी, हिंगोली आणि जालना या सात बाजारांचे रोजचे भाव एका जागी दाखवणारी ही साइट. ती मराठवाड्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची आहे. कंपनीचं नाव इथं दिलेलं नाही आणि भावांचे आकडे बदलले आहेत.

प्रत्येक बाजारात कंपनीचा एक माणूस असतो. सौदा झाला की तो मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर भरतो. ही नोंद साधारण दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान होते आणि साइटवर झुंबडही त्याच वेळी उडते. माल आज भरायचा की उद्या, लातूरला न्यायचा की उदगीरला, हे शेतकरी भाव बघून ठरवतो. क्विंटलमागे ४० रुपयांचा फरक म्हणजे २५ क्विंटलला हजार रुपये, त्यात टेम्पोचं भाडं निघतं. त्यामुळे या साइटवर चुकीचा भाव दिसणं हे साइट बंद पडण्यापेक्षा वाईट.

साइट पीएचपी ७.४ या प्रोग्रॅमिंग भाषेवर, टेम्प्लेटसाठी, म्हणजे पानाच्या साच्यासाठी, स्मार्टी ३.१, डेटाबेस मायएसक्यूएल आणि सगळं एका साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइटना मिळून असलेल्या सर्व्हरवर. मूळ प्रोग्रामर सोडून गेलेला. नवा प्रोग्रामर छत्रपती संभाजीनगरातून अर्धवेळ काम बघायचा. त्याचा हात बसलेला होता ट्विग या दुसऱ्या टेम्प्लेट साधनावर, स्मार्टीवर नव्हे. पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

आधी एक फरक

आडतीवर शेतकऱ्याला हिशोबाची पट्टी मिळते. पट्टीचं पुस्तक छापखान्यातून एकदाच छापून आणलेलं असतं: नाव, वजन, दर, हमाली, तोलाई, सगळे रकाने तयार, पण कोरे. दर शेतकऱ्याला नवी कोरी पट्टी घेऊन मुनीम आकडे भरतो. कंपाइल केलेलं टेम्प्लेट म्हणजे ही छापील कोरी पट्टी. कॅशे म्हणजे भरून झालेली पट्टी जपून ठेवायची आणि पुढचा कुणी आला की तीच दाखवायची. दोन्हींत मेहनत वाचते, पण वाचणारी मेहनत वेगळी.

स्मार्टीत हे प्रत्यक्ष बघता येतं. टेम्प्लेटमध्ये दराच्या जागी महिरपी कंसात एक चल (व्हेरिएबल), म्हणजे नंतर भरायच्या आकड्याचं नाव, लिहिलेलं असतं. ही भाषा पीएचपीला कळत नाही. पान पहिल्यांदा मागवलं जातं तेव्हा स्मार्टी टेम्प्लेट वाचतं, त्याचं शुद्ध पीएचपीत रूपांतर करतं आणि ती फाइल ‘टेम्प्लेट्स सी’ फोल्डरमध्ये टाकतं. पुढच्या मागणीला टेम्प्लेट पुन्हा वाचावं लागत नाही, तयार पीएचपी चालते. पण ती चालते दर वेळी, म्हणजे डेटाबेसला प्रश्न दर वेळी जातो आणि भाव दर वेळी ताजा येतो. कॅशिंग चालू केलं की स्मार्टी त्यापुढे जातं. सगळं चालून जे एचटीएमएल तयार झालं ते ‘कॅशे’ फोल्डरमध्ये ठेवतं आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत तेच देत राहतं.

खात्री करायची असेल तर आज लातूरला सोयाबीनचा जो दर पडलाय, समजा ४,३५०, तो आकडा दोन्ही फोल्डरांत शोधा. टेम्प्लेट्स सीमध्ये तो कुठंच सापडणार नाही, तिथं फक्त ‘हे चल छाप’ अशी आज्ञा दिसेल. कॅशे फोल्डरमध्ये मात्र ४,३५० छापलेला सापडेल. सर्व्हरवर टेम्प्लेट यंत्रणेपैकी जुना दर देऊ शकते ती फक्त ही दुसरी जागा. या प्रकरणात पाच दिवस वाया गेले ते हा शोध कुणी घेतला नाही म्हणून.

अडचण

२०२४ चा खरीप. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक वाढली आणि दुपारी साइट रखडू लागली. पान उघडायला तीन-चार सेकंद, कधी जास्त. प्रोग्रामरनं स्मार्टीचं कॅशिंग चालू केलं आणि मुदत ३,६०० सेकंद, म्हणजे एक तास, तशीच राहू दिली. स्मार्टीची मूळ मुदत तेवढीच असते.

दुसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले. उदगीरच्या नोंद करणाऱ्याला एका शेतकऱ्यानं विचारलं, “ओ दादा, उदगीरला अन् लातूरला एकच भाव कसा काय दाखवायलाय? बघा की जरा.” लातूरच्या माणसाची तक्रार वेगळी: “सर, भाव टाकून अर्धा तास झाला, साइटवर कालचाच दिसायलाय.” तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर होती. लॉगिन केलेल्या एका सभासदाला पानाच्या माथ्यावर दुसऱ्याच सभासदाचं नाव दिसलं.

तिन्हींचं मूळ एकच होतं: कॅशे. भाव बदलला तरी साठवलेलं पान तासभर तेच जात होतं. सातही बाजारांची पानं एकाच टेम्प्लेटमधून निघत होती, फरक फक्त पत्त्यातल्या बाजाराच्या नावाचा. कॅशे ठेवताना स्मार्टीला वेगळी ओळख, म्हणजे कॅशे आयडी, दिलेली नव्हती. त्यामुळे त्या तासात ज्या बाजाराचं पान पहिल्यांदा उघडलं गेलं तेच सगळ्यांना गेलं, आणि त्यावर पहिल्या पाहुण्याचं नावही गेलं. एकाची भरलेली पट्टी दुसऱ्याच्या हातात.

निर्णयाचा पहिला टप्पा: निदान चुकलं

इथं थोडं थांबायला हवं. प्रोग्रामर अनाडी नव्हता. त्याच्यासमोरचे पुरावेच त्याला चुकीच्या दिशेनं नेत होते.

पहिला पुरावा वेगाचा. कॅशिंग चालू करूनही साइट फारशी पळाली नव्हती, म्हणून त्याला वाटलं की कॅशे काम करतच नाही. खरं कारण असं की कोडमध्ये आधी डेटाबेसमधून सगळं आणलं जायचं आणि शेवटी पान दाखवायची आज्ञा यायची. कॅशे होता, पण तोपर्यंत महागडं काम होऊन गेलेलं असायचं. वाचत होतं ते फक्त टेम्प्लेट चालवण्याचं काम, आणि ते मुळातच हलकं होतं.

दुसरा पुरावा जास्त फसवा. त्याच्या लक्षात आलं की टेम्प्लेट फाइल उघडून काहीही न बदलता सेव्ह केली की भाव लगेच ताजा दिसतो. यावरून त्यानं ताडलं की जुना भाव कंपाइल केलेल्या फाइलमध्ये अडकतोय. प्रत्यक्षात स्मार्टीत ‘कंपाइल चेक’ चालू असेल तर टेम्प्लेट बदललं की कंपाइल फाइल तर नव्यानं बनतेच, पण त्या टेम्प्लेटचा कॅशेही बाद होतो. भाव ताजा झाला तो कॅशे बाद झाल्यामुळे. श्रेय मात्र कंपाइलला गेलं.

तिसरा पुरावा शब्दाचा. ट्विगमध्ये ‘कॅशे’ नावाचा जो पर्याय असतो तो कंपाइल केलेल्या टेम्प्लेटचं फोल्डर सांगतो. लाराव्हेल या पीएचपीच्या चौकटीतही ‘व्ह्यू कॅशे’ ही आज्ञा ब्लेडची (तिच्या टेम्प्लेट साधनाची) टेम्प्लेटं आधीच कंपाइल करून ठेवते, तयार पान साठवत नाही. दोन प्रसिद्ध साधनांत कंपाइललाच कॅशे म्हणतात, तर तिथून आलेल्या माणसानं स्मार्टीतही दोन्ही एकच धरले यात नवल नाही.

मग त्यानं टेम्प्लेट्स सी रिकामं केलं. जुना भाव हलला नाही, कारण कॅशे फोल्डर शाबूत होतं. त्यातच एकदा फोल्डरमधल्या फायलींऐवजी फोल्डरच उडालं. नवं फोल्डर वेगळ्या यूझरच्या नावानं तयार झालं, वेब सर्व्हरला त्यात लिहिता येईना आणि वीस मिनिटं सगळीकडं कोरं पान.

निर्णयाचा दुसरा टप्पा: बरोबर दिसणारा चुकीचा उपाय

गुरुवारी संध्याकाळी ‘फोर्स कंपाइल’ चालू केलं. तक्रारी थांबल्या. दर ताजे, उदगीरला उदगीरचाच भाव, नाव ज्याचं त्याला. प्रकरण मिटलं असं समजून सगळे घरी गेले.

फोर्स कंपाइल दोन गोष्टी करतं. दर मागणीला टेम्प्लेट नव्यानं कंपाइल करतं आणि कॅशेही दर वेळी नव्यानं बनवतं. म्हणजे कॅशिंग नावापुरतं उरलं, म्हणूनच तक्रारी गेल्या. पण त्याची किंमत मोठी. भावाच्या पानाला मुख्य टेम्प्लेट धरून १२ फायली लागत होत्या. प्रत्येक पाहुण्यामागे १२ फायलींचं वाचन, रूपांतर आणि डिस्कवर लेखन. पीएचपीचा ऑपकॅशे या फायलींचं तयार रूप मेमरीत धरतो, पण फाइल दर वेळी नव्यानं लिहिली गेली तर त्याचाही उपयोग संपतो. स्मार्टीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की हा पर्याय चालू साइटवर कधीच वापरू नये, तो फक्त टेम्प्लेट लिहिताना आणि चुका शोधताना वापरायचा.

शुक्रवार-शनिवार गर्दी कमी होती, रविवारी बाजार बंद. सोमवारी दुपारी साडेबाराला होस्टिंगनं दिलेली प्रोसेसरची मर्यादा ओलांडली गेली आणि साइट पडली. ऐन सौद्याच्या वेळी सव्वा तास बंद होती.

तपासलेले पर्याय

त्या दुपारी आधी एकच गोष्ट केली आणि ती योग्य होती: फोर्स कंपाइल बंद, कॅशिंगही बंद. साइट पुन्हा रखडत, पण खरा भाव दाखवत चालू झाली. मग कुठं किती वेळ जातो ते मोजलं. डेटाबेसला दीड सेकंदाच्या वर, कंपाइल केलेलं टेम्प्लेट चालवायला ४० मिलीसेकंदांच्या आसपास. मोजणी व्हायला पाच दिवस उशीर झाला, पण त्यानंतरची चर्चा सोपी झाली.

फक्त कंपाइलवर राहायचं आणि डेटाबेस सुधारायचा, हा पहिला पर्याय. जुना भाव दिसण्याची भीतीच नाही. वेळ खात होती ती पानावरची दराची ३० दिवसांची सरासरी. ती काढणाऱ्या डेटाबेसच्या प्रश्नाला इंडेक्स, म्हणजे नोंदी पटकन शोधून देणारी सूची, नव्हता.

कॅशे ठेवायचा पण मुदत ६० सेकंद, हा दुसरा. करायला सोपा. पण सात बाजार आणि चार शेतमाल धरले तर २८ पानं. गर्दीच्या बाहेर एका मिनिटात तेच पान दुसऱ्यांदा क्वचितच मागवलं जातं, म्हणजे कॅशे बनवायचा आणि टाकून द्यायचा. गर्दीत मात्र फायदा होतो.

तिसरा पर्याय: प्रत्येक पानाला वेगळी कॅशे आयडी द्यायची आणि नवी नोंद आली की तेवढंच पान बाद करायचं. या साइटचा डेटा दिवसातून मोजक्या वेळा बदलतो आणि कधी बदलला ते साइटलाच नेमकं माहीत असतं, कारण नोंद तिच्याच फॉर्ममधून होते. अशा ठिकाणी मुदतीवर विसंबण्यापेक्षा बदलाच्या क्षणी कॅशे पुसणं केव्हाही चांगलं.

चौथा पर्याय म्हणजे नोंद झाली की सरळ साधी एचटीएमएल फाइल लिहून ठेवायची. पानावर लॉगिनचं नाव नसतं तर हाच सगळ्यांत उत्तम ठरला असता. वेब सर्व्हरच्या पुढ्यात कॅशे बसवण्याचा विचार शेअर्ड होस्टिंगमुळे लगेच सोडला.

ठरलं ते असं: आधी पहिला, त्यावर तिसरा, आणि कॅशेची मुदत सुरक्षेसाठी ६०० सेकंद.

केलेली कामं

इंडेक्स बाजार, शेतमाल आणि तारीख या क्रमानं एकत्र घातला. सरासरीचा प्रश्न काही दशांश सेकंदांच्या आत आला. नुसत्या यानंच साइटचं रखडणं जवळपास संपलं.

कॅशे आयडी ‘लातूर|सोयाबीन’ अशी ठेवली. मधल्या उभ्या रेघेला स्मार्टीत अर्थ आहे, त्यानं गट पडतात. ‘लातूर’ एवढंच देऊन कॅशे पुसला तर लातूरच्या सगळ्या शेतमालाचा जातो. आयडी पत्त्यातून बनत असल्यामुळे आलेलं नाव आधी सात बाजारांच्या आणि चार शेतमालांच्या यादीशी ताडून घेतलं. तसं केलं नाही तर कुणीही पत्त्यात मनाला येईल ते टाकून कॅशे फोल्डर हजारो फायलींनी भरू शकतो.

कोडचा क्रम उलटा केला. आधी ‘इज कॅश्ड’, म्हणजे पान कॅशेमध्ये आहे का, विचारायचं, त्याला टेम्प्लेट आणि आयडी दोन्ही द्यायच्या, आणि उत्तर नाही आलं तरच डेटाबेसकडं जायचं. मूळ चूक दुरुस्त करणारी ओळ हीच.

माथ्यावरच्या नावाचा भाग वेगळ्या फाइलमध्ये काढून ‘नोकॅशे’ केला, म्हणजे तेवढा भाग न साठवता दर वेळी नव्यानं बनतो. इथं एक ठेच लागली. पान कॅशेमधून येतं तेव्हाही नोकॅशे भागाला लागणारं चल भरलेलं असावं लागतं. नाव भरण्याची ओळ चुकून ‘कॅशे नसेल तर’च्या आत गेली होती, म्हणून पहिल्या पाहुण्याला नाव दिसायचं आणि पुढच्यांना रिकामी जागा. ओळ वर आणली, काम झालं.

नोंद सेव्ह झाल्यावर त्या बाजाराच्या त्या शेतमालाचा आणि मुख्य पानाचा कॅशे पुसायचा. क्रम महत्त्वाचा: डेटाबेसमध्ये नोंद पक्की झाल्यानंतरच पुसायचं. आधी पुसलं आणि मधल्या क्षणात कुणी पान उघडलं तर जुनाच दर पुन्हा कॅशेमध्ये बसतो आणि पुढचे ६०० सेकंद तिथंच राहतो. ही चूक चाचणीत सहसा सापडत नाही, सापडते ती गर्दीत.

पुसल्यावर एकदम पन्नास जण आले तर पन्नासही जण तेच पान बनवायला घेतील, म्हणून स्मार्टीचं ‘कॅशे लॉकिंग’ चालू केलं. एक मागणी पान बनवते, बाकीच्या थांबतात. थांबण्याची मूळ मर्यादा १० सेकंद, ती तशीच ठेवली.

शेवटचं काम छोटं होतं, पण सगळ्यांत उपयोगी पडलं. प्रत्येक पानाच्या तळाशी दोन वेळा छापल्या, सेकंदासकट. पहिली साध्या भागात, म्हणजे कॅशेमध्ये गोठणारी. दुसरी नोकॅशे भागात, म्हणजे दर वेळी ताजी. दोन्ही आत्ताच्या आणि सारख्या असतील तर पान नुकतंच बनलंय. पहिली जुनी, दुसरी ताजी असेल तर पान स्मार्टीच्या कॅशेमधून आलंय. दोन्ही जुन्या असतील तर मागणी सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही, पान ब्राउझरनं किंवा वाटेतल्या कुणी धरून ठेवलंय.

दुसऱ्याच दिवशी परभणीहून जुन्या भावाची तक्रार आली. फोनवरच तळाच्या वेळा वाचायला सांगितलं. दोन्ही पाऊण तास जुन्या होत्या. शोधल्यावर एचटीॲक्सेस या वेब सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलमध्ये जुनी ओळ सापडली. चित्रं आणि सीएसएस (पानाच्या सजावटीच्या फायली) यांच्याबरोबर एचटीएमएललाही तिनं ब्राउझरमध्ये धरून ठेवायला एका तासाची मुदत दिली होती. एचटीएमएलपुरती ती काढली. दहा मिनिटांचं काम.

निकाल

उरलेला हंगाम साइट पडली नाही आणि एका बाजाराचा भाव दुसऱ्याच्या पानावर आल्याची तक्रार पुन्हा आली नाही. हंगाम संपल्यावर कंपाइल चेकही बंद केलं, म्हणजे टेम्प्लेट बदललं का हे स्मार्टी दर वेळी तपासत नाही.

त्याचा फटका पुढच्या वर्षी बसला, अगदी उलट्या बाजूनं. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. हा आकडा टेम्प्लेटमध्येच हातानं लिहिलेला होता. नवी फाइल चढवली, कॅशे पुसला, तरी पानावर ४,८९२ च. या वेळी दोष खरोखरच कंपाइल केलेल्या फाइलचा होता. तपासणी बंद असल्यानं टेम्प्लेट बदलल्याचं स्मार्टीला कळलंच नाही. कंपाइल केलेली टेम्प्लेटं पुसली, मग पुन्हा कॅशे पुसला, तेव्हा ५,३२८ आला. तपासणी चालू असती तरी एक धोका होता: चढवणाऱ्या प्रोग्रॅमनं फाइलची मूळ तारीख तशीच ठेवली आणि ती कंपाइल फाइलपेक्षा जुनी निघाली, तर स्मार्टीला टेम्प्लेट जुनंच वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. दीड सेकंद डेटाबेसचा आहे हे आधी कळलं असतं तर इंडेक्सवर काम भागलं असतं आणि ऐन हंगामात कॅशिंगला हात लावायची गरज पडली नसती. इतक्या छोट्या साइटला कॅशिंग हवंच होतं का, हा प्रश्न रास्त आहे. इंडेक्सनंतर ते नसतं तरी चाललं असतं असं आमचं मत आहे. आता ते नीट बसलंय, म्हणून ठेवलंय.

लक्षण गेलं म्हणजे कारण सापडलं असं गुरुवारी धरलं गेलं. फोर्स कंपाइलनं तक्रारी का थांबल्या हे त्याच संध्याकाळी कुणी विचारलं असतं तर सोमवार टळला असता. निदान शनिवारी गर्दीची नक्कल करून बघायला हवी होती.

सभासदाचं नाव दुसऱ्याला दिसलं ही बाब कंपनीनं त्या दोघांना फोन करून सांगितली. हे चांगलं केलं. पण हे पहिल्या तक्रारीच्या दिवशीच कॅशिंग बंद करण्याचं कारण होतं, कुठलाही शोध न घेता.

नोंद करणाऱ्या सातही जणांना आता फॉर्मवर ‘माझ्या बाजाराचं पान ताजं करा’ असं बटण दिलंय. ते फक्त त्या बाजाराच्या गटाचा कॅशे पुसतं. टेम्प्लेट्स सीला हात लावायचा अधिकार एकट्या प्रोग्रामरकडं आहे. त्याच्या यादीत नवं टेम्प्लेट चढवताना तीन पायऱ्या लिहिलेल्या आहेत: कंपाइल केलेलं पुसा, सगळी टेम्प्लेटं एकदा कंपाइल करून घ्या, मग कॅशे पुसा. हे काम दुपारी बाराच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर करायचं. हमीभाव आता टेम्प्लेटमध्ये नाही, तो हंगामाच्या वर्षासकट डेटाबेसच्या तक्त्यात आहे.